साडेसहा फूट आई

ती. ताईस,

हे पत्र ज्या टेबलावर लिहितो आहे ते मी केलेलं आहे. ज्या खुर्चीत बसलो आहे तीही मीच केलेली (मागचा डावा पाय आखूड वाटतो, पण तो फरशीचा दोष आहे, आणि फरशी मी केलेली नाही). डोक्यावरचा दिवा, दाराची घंटा, खिडकीच्या कड्या, पुस्तकांचं कपाट, कपाटावर चढायची शिडी आणि शिडीवरून पडल्यावर वापरलेली कुबडी, सगळं माझ्या हातचं. कुणाकडे शिकायला गेलो नाही, कुणी शिकवायला आलं नाही. गेल्या महिन्यापासून या यादीत सिनेमा दाखवायच्या एका यंत्राची भर पडली आहे, आणि हे पत्र त्याविषयी आहे. नमस्कार तेवढा मी घडवलेला नाही. तो आपल्या घरात पूर्वीपासून होता तसाच पाठवतो आहे, गोड मानून घे.

तुझे गुडघे कसे आहेत? पलंगाच्या पायांखाली ठोकळे घालून उंची वाढवायला मी सांगितलं होतं, ते तू केलं नसशील. ठोकळ्यांची मापं मागच्या पत्रात होती. दाजींना माझा नमस्कार डाव्या कानात सांग, उजव्या कानात सांगितलेलं न आवडणारं असेल तरच त्यांना ऐकू येतं, असं तूच म्हणाली होतीस. आमच्याकडे सगळे मजेत आहेत. दुकान बरं चाललं आहे. लोकांचे वजनकाटे बिघडतात आणि मी ते नीट करतो, नीट झाल्यावर खरं वजन दिसतं म्हणून लोक माझ्यावरच चिडतात. वहिनी तुझी ठणठणीत आहे. तिची शिलाई मशीन मात्र बंद आहे, त्याचं कारण पुढे येईल.

तर काकांचा तो फिल्मचा डबा. तुला सगळं ठाऊक आहे, तरी सुरुवातीपासून सांगतो, कारण माझी पत्रं तुझ्याकडे मुलंबाळं मोठ्याने वाचतात असं कळलं (आणि दुसरं कारण म्हणजे तुला जे ठाऊक आहे ते चुकीचं आहे). आपले काका मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. शिक्षण खात्याला त्या काळी अशी हौस आली की अवघड विषय सिनेमातून शिकवावेत. बाकीच्या मास्तरांनी पचनसंस्था, ज्वालामुखी, दात कसे घासावेत असे विषय उचलले. आपल्या काकांनी हात वर करून चौथी मिती मागितली. कुणी अडवलं नाही, कारण ती काय असते ते खात्यात कुणालाच माहीत नव्हतं, आणि विचारलं असतं तर तसं कबूल करावं लागलं असतं. काकांना एक कॅमेरा, तो फिरवणारा एक माणूस आणि मोजून तेवढी फिल्म मिळाली. मुका सिनेमा. बोलायचं काम मास्तरांनी वर्गात उभं राहून करायचं.

तो सिनेमा आपल्या पुढच्या खोलीत झाला, कारण तिला दोन खिडक्या होत्या. काकांनी शेजारच्या छायाचित्रकाराचा कोट घातला होता, आणि तो त्यांना इतका मोठा होता की खडू धरलेला हात अधूनमधून बाहीत नाहीसा व्हायचा. आधी काळ्या कापडावर एक ठिपका. मग ठिपक्यातून दोरा ओढत न्यायचा, झाली रेघ. दोरा ओढणारा हात तुझा, मनगटापर्यंत (पुढे तू शेजारपाजारी आपण सिनेमात काम केलं आहे म्हणून सांगत सुटलीस, ते याच मनगटाच्या बळावर). मग खिडकीचा गुंडाळी पडदा: वरची काठी म्हणजे रेघ, ती रेघ खाली ओढली की झालं पृष्ठ. मग कपाटाचा खण: समोरची फळी म्हणजे पृष्ठ, ते बाहेर ओढलं की झाली पेटी. इथवर काका मोठे झकास आहेत. आता सांग, असं म्हणून ते खणाकडे बोट दाखवतात, ही पेटी कुठे ओढायची? वर नाही, खाली नाही, बाजूलाही नाही. मग ते खण काढून टेबलावर ठेवतात, स्वतः बाजूला होतात आणि कॅमेरा नुसता त्या खणाकडे बघत राहतो. काहीच होत नाही. काकांचं म्हणणं होतं की तीच खरी गोष्ट आहे. खण जागचा हलला नाही, तरी मघापासून आत्तापर्यंत ओढला गेला. जी ओढ दिसत नाही ती चौथी.

आणि तेवढ्यात मागचं दार उघडून आई येते.

घरात याचा खुलासा असा ठरलेला होता: आईला बजावलं होतं की काही हलत असेल तोवर आत पाऊल टाकायचं नाही. तिने फटीतून पाहिलं, तर काहीच हलत नव्हतं. म्हणजे सिनेमा थांबलेला दिसतो, असं समजून ती आपल्या कामाला निघाली. अर्ध्यात आल्यावर कॅमेरा फिरताना दिसला, थबकली, सरळ आपल्याकडे पाहिलं आणि परत गेली. काकांनी कपाळाला हात लावला (तोही बाहीत गेला). फिल्म संपली होती, दुसरी मिळणार नव्हती. सिनेमा तसाच खात्यात गेला, तसाच शाळाशाळांतून फिरला, आणि पुढच्या परीक्षेत चौथी मिती म्हणजे काय या प्रश्नाला वर्गच्या वर्गाने उत्तर लिहिलं की चौथ्या मितीत एक बाई येते, आपल्याकडे बघते आणि परत जाते. काकांनी बिचाऱ्यांना पूर्ण गुण दिले. सिनेमात तसंच होतं, त्याला ते काय करणार!

शाळेच्या सभागृहात तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा आई आली नव्हती. मला काय कळतंय त्यातलं, म्हणाली. आपण घरी आलो तर दारातच उभी. तिने एवढंच विचारलं, “भाऊजी, मी दिसते का हो त्यात?” काका चपला भिरकावून म्हणाले, “वहिनी, तुम्हीच दिसता! चौथी मिती कुठे दिसतेय?” आई तशीच आत गेली. वाईट वाटलं असणार, असं आपण तेव्हापासून धरून चाललो.

आता आपलं भांडण. (मुलांनो, हे नीट वाचा, तुमच्या आजीचा हट्ट काय असतो ते कळेल.) सिनेमात आई येते तेव्हा तिच्या हातात काय असतं? तुझं म्हणणं, धुतलेली चादर. माझं म्हणणं, दुधाचं पातेलं. दाजी लग्नानंतर आले, त्यांनी सिनेमा पाहिलेला नाही, तरी ते म्हणतात बादली. आई गेल्यावर हे भांडण थांबेल असं वाटलं होतं, उलट ते वाढलं. तिचे फोटो तीन-चार, तेही कुणाच्या तरी लग्नातले, मागच्या रांगेतले. चालती-फिरती आई जगात एकाच ठिकाणी आहे, त्या डब्यात, आणि डबा काका जाताना तुला-मला दोघांना मिळून देऊन गेले. तो माझ्याकडे कपाटावर होता. उघडून उपयोग नव्हता, कारण दाखवायला यंत्र नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी एक गृहस्थ दुकानात आले. वजन करायला नव्हे. शाळांना धडे विकणाऱ्या एका कंपनीचे. कुठल्याशा जुन्या शिक्षिकेकडून त्यांना काकांच्या सिनेमाचा पत्ता लागला होता. डबा उघडला तर सबंध दुकानात आंबूस वास सुटला. जुनी फिल्म कुजायला लागली की असाच वास येतो. गृहस्थांनी पट्टी उजेडात धरली आणि हळहळले: आक्रसली आहे, बाजारातल्या कुठल्याही यंत्रावर चढायची नाही, यंत्राच्या चक्रीचे दात पट्टीच्या भोकांत बसणार नाहीत. मी म्हटलं, मग दात लहान करू. ते हसले. ताई, माझ्यासमोर असं हसू नये, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग मी यंत्र केलं. एका जुन्या काट्याची पेटी घेतली, मोटारगाडीचा दिवा बसवला, चष्म्याच्या दुकानातून भिंग आणलं, आणि दातांची चक्री पितळेतून स्वतः कापून एकेक दात घासत बसलो. पट्टी शंभराला एक एवढी आखडली आहे, म्हणून चक्रीही शंभराला एक एवढी लहान. ज्याचं पोट गुंजभर फरकावर चालतं त्याला हे जमतं. मोटर तुझ्या वहिनीच्या शिलाई मशीनची. दिवा तापू नये म्हणून तिचाच केस वाळवायचा पंखा. पडदा म्हणून तिचीच चादर (हो, चादर. हसू नकोस). ती म्हणाली, “माझी मोटर, माझा पंखा, माझी चादर. मग यात तुमचं काय?” मी म्हटलं, रचना. तर म्हणते, “तीच ना, जिच्यामुळे खुर्ची हलते?”

पहिल्या खेळाला कंपनीचे गृहस्थ, वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि कोपऱ्यावरचा बेकरीवाला असे पाहुणे होते. दिवा लावला, कळ दाबली, पट्टी सुळकन चढली आणि पडद्यावर चित्र उमटलं. उलटं. वर फरशी, खाली छत. डॉक्टर म्हणाले, ही चौथी मिती वाटतं. आता अशा वेळी घाबरट माणसाने यंत्र थांबवलं असतं, पट्टी काढली असती, तपासली असती. मी यंत्रच उचलून उलटं ठेवलं. चारी पाय वर. चित्र क्षणात सुलटं झालं. टाळ्या पडल्या (बेकरीवाल्याच्या). पंख्याचं तोंड तेवढं आता डॉक्टरांकडे झालं होतं, तर ते सगळा सिनेमाभर केस धरून बसले.

सुरुवातीला ‘समाप्त’ अशी पाटी आली. गृहस्थ म्हणाले, त्या काळची काहीतरी पद्धत असेल. मग टेबलावर खण. खण आणि खण. सगळे श्वास रोखून खणाकडे बघत होते आणि कुणालाच काही संशय आला नाही. नुसत्या खणाकडे बघून काय कळणार? आणि मग दार उघडलं आणि आई आत आली. पाठमोरी. पाठीमागे पाऊल टाकत, ठाम चालीने, टेबलामागे येऊन थांबली, वळून आपल्याकडे पाहिलं आणि पुन्हा उलट्या पावलांनी दारातून गेली. बेकरीवाल्याने हळूच विचारलं, “दादा, या बाई उलट्या का चालतात?”

तेव्हा उलगडा झाला. काकांनी शेवटचा खेळ केल्यावर पट्टी परत गुंडाळलीच नव्हती. जेवल्यावर ताट जागच्या जागी ठेवून उठायचे, तसंच. म्हणून शेवट वर आला होता आणि आम्ही सगळा सिनेमा उलट्या दिशेने बघत होतो. (मी यंत्र उलटं ठेवलं म्हणून असं झालं, असं तुझी वहिनी सांगत फिरते. अर्धवट ज्ञान. यंत्रामुळे चित्र सुलटं झालं, दिशा काकांनी बिघडवली.) पण मी खेळ थांबवला नाही. खण कपाटात गेला, पडदा सरसर वर गुंडाळला, तुझ्या हाताने दोरा गिळत गिळत पुन्हा ठिपका केला, काकांनी ठिपका पुसून टाकला, आणि नमस्कार करून ते उलट्या पावलांनी खोलीबाहेर गेले. सगळं होतं नव्हतं ते आवरून गेल्यासारखे. दिवा लावला तेव्हा डॉक्टर डोळे पुसत होते. पंख्यामुळे, म्हणाले.

आणि मला त्या रात्री अंथरुणात पडल्यावर काकांचं म्हणणं पहिल्यांदा कळलं. खणाकडे बघून काळ कुठल्या बाजूला चालला आहे ते कळत नव्हतं. आई आली तेव्हा कळलं. म्हणजे त्या वर्गच्या वर्गाने परीक्षेत लिहिलेलं उत्तर बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी नीट गुंडाळून, यंत्र पायांवर उभं करून, पडदे ओढून पुन्हा खेळ केला. या वेळी फक्त गृहस्थ, तुझी वहिनी आणि मी. सुलटा सिनेमा सुलट्या दिशेने. खेळ संपल्यावर मी पट्टी पाटावर पसरून मोजली. आई येते तिथपासून जाते तिथपर्यंत साडेसहा फूट भरते. चौथी मिती मोजायला पट्टी नसते, असं काका म्हणायचे. माझ्याकडे होती, लाकडी, घरीच केलेली.

गृहस्थ फार खूश होते. सर, सर म्हणत होते. सिनेमा स्वच्छ करून, रंगवून, आवाज घालून हजार शाळांत दाखवणार. काकांचं नाव मोठ्या अक्षरांत येणार. फक्त एक बारीकसं काम. “मधे ती एक बाई येते ना सर, ती काढून टाकू. मुलांचं लक्ष जातं. हल्ली मागची भिंत भरून निघते, कळतसुद्धा नाही.” तुझी वहिनी चहा ओतत होती. किटली तशीच धरून म्हणाली, “आणि सासूबाईंना ठेवणार कुठे तुम्ही?”

बिचाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. माणूस वाईट नाही, ताई. त्याने शंभरदा माफी मागितली. पण कंपनीच्या कराराच्या कागदावर तसंच आहे: पैसे घेतले की मूळ पट्टी त्यांची, काय ठेवायचं, काय गाळायचं तेही त्यांचं. काकांच्या बाजूने बघितलं तर त्यांचा सिनेमा इतक्या वर्षांनी, त्यांना हवा होता तसा निर्दोष होईल. आईच्या बाजूने बघितलं तर साडेसहा फूट भिंत. आणि आपल्याकडे ठेवली तर आज ना उद्या पट्टी कुजणारच. वास वाढतो आहे. मी कडेने दोन ठिकाणी चिकटवली आहे, पण फार तर आणखी एखादा खेळ निघेल असं माझं मत आहे, आणि माझी मतं तुला माहीत आहेत.

म्हणून हे पत्र. डबा दोघांचा आहे. तू मोठी आहेस. मी गृहस्थांना स्पष्ट सांगितलं आहे की ताईला विचारल्याशिवाय मी काहीही करणार नाही. काकांचं नाव की आईचं येणं, हे तू ठरव. शांतपणे विचार कर, दाजींशी बोल (डाव्या कानात), आणि कळव. तुझा शब्द शेवटचा.

मुलांना आशीर्वाद. ठोकळ्यांचं बघ.

तुझा,
धाकटा

ता.क. तो खण तुझ्याकडे आहे. त्यात तू बटणं आणि तुटके चष्मे ठेवतेस, हे मला ठाऊक आहे. येताना रिकामा करून घेऊन ये. येताना म्हणजे, तू येणार आहेस. जिना उंच नाही, मी कठडा केला आहे. उरलेला एक खेळ तुझ्यासाठी राखून ठेवला आहे, तोवर पट्टीला हात लावणार नाही. चष्मा विसरू नकोस, तुटका नव्हे, चांगला.

ता.क. दुसरा. हे तू आल्यावर डोळ्यांनी पाहावंस म्हणून वर लिहिलं नव्हतं, पण राहवत नाही. आईच्या हातात काही नाही. चादर नाही, पातेलं नाही, दाजींची बादलीही नाही. दोन्ही हात रिकामे. ती दारात थांबते, केस कानामागे सारते आणि मग आत येते. तुझी वहिनी पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, “अहो, ठेवणीतले कानातले घातलेत यांनी.” कामाच्या दिवशी, भर सकाळी. ताई, ती चुकून आली नव्हती. सगळा सिनेमा फटीतून बघत होती, आणि जिथे काहीच हलत नाही, जिथे आपण नक्की दिसू, तिथे आली. ‘मी दिसते का हो त्यात?’ हे तिने का विचारलं होतं ते आता लक्षात येतं. आणि आपण दोघांनी इतकी वर्षं तिच्या हातात काही ना काही काम दिलं. तू चादरी धुवायला लावल्यास, मी दूध तापवायला लावलं.

ता.क. तिसरा. वर तुझा शब्द शेवटचा असं लिहिलं आहे, ते तसंच राहू दे, वाचायला बरं वाटतं. पण गृहस्थांना मी त्याच दुपारी, चहा संपायच्या आत, नाही म्हणून सांगितलं. त्यांनी दारात पुन्हा एकदा रक्कम वाढवून पाहिली, तरी नाही म्हटलं. एक लाख बहात्तर हजार. त्यातले शहाऐंशी तुझे होते, तेही मीच नाकारले.